शुक्रवारचं पुरण

धैद गाव मागे पडलं तशी रस्त्यावरची वर्दळ सरली. आता मागे फिरायचं म्हटलं तरी पुरणाला उशीर झालाच, हे अनुपमाच्या लक्षात आलं आणि तिला फार बरं वाटलं.

शेजारच्या सीटवर सासूबाई, गिरिजाबाई, गप्प बसल्या होत्या. पुण्याहून येऊन त्यांना महिना झाला होता. सकाळी शारजातल्या, अल नहदाच्या घरात अनुपमाने जाहीर केलं होतं, "मी जरा शहराबाहेरची गावं बघायला चाललेय. स्वयंपाक होणार नाही. तुम्हाला यायचं तर चला." त्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ खाली उतरल्याच नाहीत. उतरल्या त्या तोंड मिटून. मागच्या सीटवर लेक अस्मी कानात हेडफोन घालून मोकळी झाली होती.

भांडण शुक्रवारचं होतं. अनुपमाचं ऑफिस हमरिया फ्री झोनमधलं, शारजाच्या रिवाजाने शुक्रवार ते रविवार बंद. नवऱ्याचं, राजनचं, दुबईत रास अल खोरला, शुक्रवारी दुपारपर्यंत चालू. शनिवार-रविवार राजनही घरी, त्यामुळे शुक्रवार हाच काय तो तिचा स्वतःचा दिवस, आणि राजनने त्याची पार वाट लावली होती. भाज्या निवडून ठेवा, इस्त्री करा, शिवाय मधूनमधून त्याच्या ऑफिसची पंगत. वर "तुला काय, तीन दिवस सुट्टी" हे आहेच. काल जेवताना त्याने सांगितलं, उद्या दुपारी ऑफिस सुटल्यावर आठ जण पुरणपोळीला येतायत. सांगितलं, विचारलं नाही. तिने सवयीने डाळ भिजत घातली आणि सकाळी त्या फुगलेल्या डाळीकडे बघून तिचं डोकं फिरलं.

मसाफीच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव लागलं. खजुराच्या बागा, बुटक्या भिंती, भिंतींच्या सावलीत शेळ्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका टपरीवजा कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून अनुपमाने हॉर्न दाबला. आतून एक मिशीवाला माणूस आला आणि वेलचीचा दाट करक चहा खिडकीतून देऊन गेला.

"माणसाला हॉर्न वाजवून बोलवायचं? काही रीतभात?" गिरिजाबाईंचं प्रवासातलं हे पहिलं वाक्य.

"इथे असंच बोलावतात, आई."

रात्री हे सगळं राजनच्या कानावर जाणार, अनुपमाने ओळखलं. जाऊ दे गेलं तर.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर राजनचाच फोन आला. "अगं, आठचे दहा झालेत. ऑफिसातला फहदपण येतोय, त्याला तूप जास्त लागतं. पुरण झालं ना?"

"बाबा, वुई आर इन द माउंटन्स," मागून अस्मी म्हणाली.

राजनचा आवाज चढला. "अनू, काय चाललंय हे? यल्ला, चल, आत्ताच्या आत्ता फिर. डाळ भिजलेलीच आहे, शिजायला कितीसा वेळ लागतो?"

"नाही फिरणार," अनुपमा म्हणाली. "हा दिवस माझा आहे. लोकांना तू बोलावलंस, तूच जेवू घाल."

"आई, ऐकतेयस ना? तू तरी सांग तिला. तिने नाही तर तू घाल पुरण, पण घरी या."

अनुपमाने स्टिअरिंग घट्ट धरलं. आता दोघांशी भांडावं लागलं तरी बेहत्तर.

गिरिजाबाईंनी चहाचा शेवटचा घोट सावकाश घेतला.

"डाळ नाहीये घरात," त्या म्हणाल्या. "निघताना सगळी शेजारच्या तहसीनला देऊन आले. म्हटलं, वाटेत हिचं मन कचरलं तर?"

"आई, अगं..."

"मला उभ्या जन्मात स्वतःचा असा एक वार मिळाला नाही, राजन. हिला मिळालाय. ठेव फोन, आम्हाला अजून एकेक चहा घ्यायचाय."

आणि अनुपमाच्या पुढ्यातून हात घालून त्यांनी स्वतःच हॉर्न दाबला, चांगला लांबलचक.