रांगेतला बूट

"वेगळं दार?" नोम्सामावशींनी स्वयंसेविकेला विचारलं. "नको, बाळा. काळ्यांसाठीच्या वेगळ्या दारांनी मी पुष्कळ आत-बाहेर केलंय. मला हीच रांग पाहिजे."

स्वयंसेविकेचा हेतू चांगला होता. २००९चा एप्रिल. परदेशातल्या दक्षिण आफ्रिकन नागरिकांचं मतदान, आणि रांग लंडनमधल्या उच्चायुक्तालयाच्या दारातून निघून ट्राफल्गर चौकात पसरलेली. म्हाताऱ्या माणसांसाठी बाजूचं दार उघडलं होतं. पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. हलता येत असतं तरी हलल्या नसत्या, कारण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी बेसिंगस्टोकला घरून निघाल्यापासूनच असहकार पुकारला होता.

"तरुणपणी गुडघे होते तर मत नव्हतं," त्या परीक्षितला म्हणाल्या. "आता मत आहे तर गुडघे नाहीत. दोन्ही एकदम द्यायला देवाचं काय जात होतं?"

परीक्षित त्यांचा भाडेकरू. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्यांच्याकडे मोठ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण जीभ काही वळेना. मग त्याने परस्पर 'मावशी' करून टाकलं. आज तो नुसता बॅग धरायला आला होता. स्वतः त्याने जन्मात मत दिलेलं नव्हतं. मतदानाच्या सुट्टीला तो सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खायचा, आणि ही सुट्टीसुद्धा लोकशाहीनेच दिली, असं वर म्हणायचा.

मावशींचा पाय थरथरायला लागला. बसायला रांगेबाहेर जावं तर नंबर जाणार, आणि पुन्हा शेपटाला उभं राहणं त्या गुडघ्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. म्हणजे मत गेलंच. तेव्हा परीक्षितच्या अंगातलं पुणं जागं झालं.

"मावशी, बूट काढा."

"काय?"

"डावा. आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत माणसं उभी राहायची नाहीत. पिशवी ठेवायची, चप्पल ठेवायची, नाहीतर दगड, आणि सावलीत जाऊन बसायचं. दगडाचा नंबर आला की माणूस उठायचा. दगडाच्या पुढे घुसायची कुणाची टाप नव्हती."

मावशींनी बूट काढला. त्या कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसल्या, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. रांगेत त्यांचा काळा, पॉलिश केलेला, नर्सिंगच्या नोकरीतला बूट एकटा उभा राहिला. रांग सरकली की परीक्षित त्याला पायाने पुढे सरकवायचा.

बुटाच्या मागे हेन्ड्रिक नावाचा प्रिटोरियाचा गोरा म्हातारा होता, कंबरदुखीचा पट्टा बांधलेला. त्याच्या मागे खांद्यावर झेंडा पांघरलेला एक पोरगा.

"ए, बूट मतदार असतो का?" झेंडेवाला म्हणाला. "मग मीपण बूट ठेवतो आणि पबमध्ये जातो!"

"जा की. फक्त दोन्ही ठेवू नकोस," परीक्षित म्हणाला. "एक बूट, एक मत."

तक्रार झाली. स्वयंसेविका आली.

"सर, तुम्ही मतदार आहात?"

"नाही, मी पुण्याचा."

"मग तुम्हाला रांगेत थांबता येणार नाही."

"आणि बूट?"

तिने बुटाकडे पाहिलं. बुटांबद्दल तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. "हा दक्षिण आफ्रिकेचा नागरिक आहे?"

"बूट बेसिंगस्टोकच्या मार्केटचा. मालकीण सोवेटोची."

ती गंभीरपणे म्हणाली, "बूट राहू दे. तुम्ही बाहेर या."

परीक्षित कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. रांग सरकली. बूट तिथेच राहिला. झेंडेवाल्याने हेन्ड्रिकच्या बाजूने पुढे येऊन बूट ओलांडायला पाय उचललासुद्धा. रॉकेलच्या रांगेत निदान सगळे ओळखीचे असायचे.

हेन्ड्रिकने हात आडवा धरून पोराला थांबवलं. मग दुसऱ्या हाताने पट्टा आवळला, क्रेनसारखा टप्प्याटप्प्याने वाकला आणि दोन्ही हातांनी बूट उचलून पुढे ठेवला. पुन्हा रांग सरकली, पुन्हा तो वाकला. दर खेपेला त्याच्या तोंडून जे निघत होतं ते आफ्रिकान्समधलं 'आई गं' असावं.

"काका, पायाने ढकला ना!" परीक्षित ओरडला.

"पायाने नाही," हेन्ड्रिक म्हणाला.

परीक्षितने विचारलं, "याआधी मत दिलंय तुम्ही?"

"कायम. तेव्हा रांग छोटी असायची." म्हाताऱ्याने मागे वळून चौकभर पाहिलं. काळी, गोरी, सावळी डोकी, मधेच एका बाळाची टोपी. "फारच छोटी."

बूट दारापाशी पोचला. परीक्षितने मावशींना दंडाला धरून आणलं. हेन्ड्रिक फरशीवर गुडघा टेकून बसला, त्याने बुटाची टाच धरली, मावशींनी पाय सरकवला. खाली बसल्या बसल्याच त्याने हात दाराकडे केला.

"आधी तुम्ही, मॅडम."

"उपकार नका करू," मावशी म्हणाल्या. "माझा नंबरच आहे."

"चुकलो," हेन्ड्रिक म्हणाला, आणि उठायला गेला तर कंबर धरलेली.

झेंडेवाला पोरगा मदतीला पुढे झाला. मावशींनी त्याला थांबवलं, स्वतःचा हात दिला. गुडघे नसलेल्या बाईने कंबर नसलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे वेळ लागणारच. आतून अधिकारी डोकावून गेला. मागे रांग चौकभर खोळंबली होती, पण एकही माणूस ओरडला नाही.

शेवटी हेन्ड्रिक उभा राहिला. त्याने शर्ट खोचला, केस बसवले आणि आपल्या जागी, नोम्सामावशींच्या मागे, जाऊन उभा राहिला.