देवसरी मतदारसंघ रद्द

बातमी ऐकून नलिनीताई गावंडे प्रचार कार्यालयातल्या खुर्चीत मटकन बसल्या. फेररचनेत देवसरी लोकसभा मतदारसंघच रद्द झाला होता. त्यातले तालुके शेजारच्या मतदारसंघांत वाटून टाकले होते. तीनदा हरलेल्या ताई यंदा निवडून येणार, असं अख्खा जिल्हा म्हणत होता.

तेवढ्यात दरवेळी त्यांना हरवणारे खासदार इंगवले तावातावाने आत शिरले.

"माझा मतदारसंघ तुम्हीच मोडायला लावलात ना?"

"मी?" ताई उठल्या. "अहो, यंदा मी जिंकणार होते!"

इंगवलेंचा चेहरा उतरला. "होय," ते हळूच म्हणाले, "जिंकणारच होतात तुम्ही. मला ठाऊक होतं."

तिन्ही पराभव हसतमुखाने पचवलेल्या नलिनीताई त्यांच्यासमोरच ढसाढसा रडू लागल्या.