फ्रेंच गुलाबाची पाकळी

"जाळलीस ना हीपण?" दादा खुर्चीतूनच ओरडले.

हेमांगीने जळकी पाकळी पायाशी टाकली. कागदासारखी पातळ दुसरी लाकडी पाकळी तिने चिमट्यात धरून पुन्हा कढईतल्या तापल्या वाळूत खोचली.

दादांच्या सुतारकामाच्या कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या जुन्या फ्रेंच टेबलावर वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जडवून गुलाब फुलवला होता. त्याची एक पाकळी निखळून हरवली होती. पाकळ्यांच्या कडांवरची सावली रंगाची नव्हती, वाळूत भाजून आणलेली होती. "असलं काम आपल्या हातून व्हायचं नाही," म्हणून दादा रुसले होते. सुतारकामात जन्म गेलेला माणूस, पण टेबलाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

पायाशी जळक्या पाकळ्यांचा ढीग साचला होता. यावेळी मात्र धूर निघायच्या आधीच लाकडाला भाजक्या शेंगदाण्यासारखा वास सुटला, आणि तिने पाकळी झटकन वर काढली. सरस लावून फुलात बसवली. सरस वाळल्यावर घासून पॉलिश केलं.

"या आता. माझी कुठली ते ओळखा."

दादा कुरकुरत उठले. चष्मा पुसून गुलाबावर वाकले. एका पाकळीवर अंगठा टेकवून त्यांनी शेजारची दाखवली. "ही तुझी. सावली जरा जास्तच झालीय. आणि ही जुनी बघ! याला म्हणतात हात!"

"दादा, जास्त भाजलीय ती त्या फ्रेंच सुताराने. माझी तुमच्या अंगठ्याखाली आहे."

दादांनी अंगठा उचलला, खाली निरखून पाहिलं, आणि हळूच पुन्हा तिथेच टेकवला.