उंबरठ्यातला खळगा

वारसा खात्याचा साहेब तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा उंबरठ्यापाशीच उकिडवा बसला.

"ताई, अहो, हा एका अखंड दगडाचा आहे," तो म्हणाला. "मधला खळगा बघा. दोनशे वर्षांच्या पावलांनी पडलाय तो."

घरातली थोरली लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. चर्चभोवतीची दगडी घरं वारसा खात्याच्या यादीत गेली, तेव्हापासून खिळा ठोकायलाही परवानगी लागायची. तिने आठ महिन्यांत चार अर्ज केले होते. मागणी एवढीच, की वीतभर उंच उंबरठा काढून तिथे उतार करू द्या आणि एका बाजूची दगडी चौकट चार बोटं तासू द्या. मग बाबांची चाकांची खुर्ची दारातून बाहेर निघेल.

"साहेब, मागच्या वेळीही तुम्ही खळगाच बघितलात," ती म्हणाली. "आज जरा माणूस बघा."

माणूस आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसला होता. जन्मभर दगड घडवलेला पाथरवट, आता अर्धं अंग लुळं. दवाखान्यातून आणलं तेव्हा समोरच्या बेकरीवाल्याने आणि त्याच्या मेव्हण्याने त्यांना हातांवर उचलून आत घेतलं होतं. गल्लीने ते पाहिलं. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद होतं. पोत्यासारखा मी पुन्हा कुणाच्या हातावर जाणार नाही. जाईन तर खुर्चीतून.

साहेबाने दारातूनच त्यांना वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच राहून चौकटीवर बोटं फिरवली.

"टाकीचे घाव कसे एकसारखे आहेत बघा. चर्चच्या जुन्या वहीत या घराची नोंद आहे. असा कारागीर आता शोधूनही मिळणार नाही, ताई. हे मी तासू दिलं, तर मला झोप लागणार नाही."

"मला आठ महिने लागलेली नाही," थोरली म्हणाली.

बाबा मात्र वाकड्या झालेल्या ओठांनी हसत होते. ते पाहून ती आणखीच वैतागली. ज्यांच्यासाठी सगळ्यांशी वाकड्यात शिरायचं, तेच समोरच्या पक्षाला जाऊन मिळालेले.

साहेबाने फोटो काढले, नामंजुरीचा कागद तिच्या हातात दिला आणि शेजारच्या घराच्या खिडक्या बघायला गेला.

"तुम्ही हसत काय होतात?" ती बाबांवर उखडली.

बाबांना एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "तो... मी बसवलाय."

"काय?"

"दार. उंबरठा. सगळं. जुना तडकला होता. तू... तीन वर्षांची होतीस."

थोरली स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "आणि तो खळगा?"

"मीच कोरला. शेजारच्या घरांशी... जुळायला नको?"

आठ महिने. चार अर्ज, सतरा हेलपाटे, तिने शाळेतून घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या रजा. या एका वाक्याने सगळं पहिल्याच दिवशी मिटलं असतं.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"ऐकलंस ना... काय म्हणाला तो? असा कारागीर... मिळणार नाही."

ती ताडकन उठली. साहेब अजून गल्लीतच होता, दहा पावलांवर. एक हाक मारायची, बस. तिने तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. बाबांनी चांगला हात वर केला होता. त्यांच्या डोळ्यांत असली विनवणी तिने दवाखान्यातही पाहिली नव्हती.

"बेकरीवाल्याला... बोलाव," ते म्हणाले. "आणि मेव्हण्याला. बाहेर न्या मला. उचलून."

"पोत्यासारखं?"

"पोत्यासारखं."

थोरलीने कपाळावर हात मारला आणि साहेबाच्या बाजूने सरळ समोरच्या बेकरीत गेली. साहेब खिडकीच्या कमानीचं माप घेण्यात गर्क होता.

दोघं पिठाच्या हातांनीच आले. त्यांनी बाबांना उचललं, आडवं करून दारातून काढलं. थोरलीने खुर्ची मिटून बाहेर आणली, उघडली आणि बाबांना चर्चकडे तोंड करून बसवलं. आठ महिन्यांनी ऊन अंगावर आलं होतं. तिला वाटलं, आता तरी ते डोळे भरून गल्ली बघतील.

"इकडे नको," बाबा म्हणाले. "वळव. दाराकडे."

तिने वळवलं. ते बराच वेळ वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"डावीकडचा सांधा," ते हळूच म्हणाले, "जरा फसलाय. त्याला... दिसला नाही."