कोरी नळी

सातव्या नळीतला हिरवा उजेड चौथ्या तासानंतर तासाला दोन टक्क्यांनी वाढत गेला होता. पडद्यावरची चढती रेघ सरळ होती, कुठेही थरथर नव्हती. या नळीत प्रश्न घातलेलाच नव्हता.

बाकीच्या सहा नळ्यांत प्रश्न होते. दोन आकड्यांऐवजी दोन प्रकारचे रेणू आत सोडायचे. नळीत आधीच असलेल्या रेणूंच्या जाळ्याशी त्यांच्या एकामागून एक क्रिया होत जाणार आणि बेरीज पाचाच्या वर गेली तर नळी उजळणार. सातवी कोरी. प्रश्न नसेल तर हे जाळं कितीही वेळ अंधारातच राहतं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, छापलेलं होतं. त्या पेपरावर ही अख्खी प्रयोगशाळा उभी होती.

"पहिल्यांदा चार तासांनी यंत्र बंद करायला विसरले, मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली. "मग दोनदा मुद्दाम चालू ठेवलं. तिन्ही वेळा हेच."

"नळ्या बदलून झाल्या, पाणी बदलून झालं," मदतनीस काका म्हणाले. "आता फक्त मला बदलायचं राहिलंय पोरीनं."

बाईंची नजर पडद्यावरच्या रेघेवर होती.

अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या पहिल्या विद्यार्थिनीनं अशीच रेघ आणून दाखवली होती. "माझा हातच वाईट आहे का, मॅडम?" तिनं विचारलं होतं. पेपर त्याच आठवड्यात पाठवायचा होता. "असेल," बाई म्हणाल्या होत्या. ती दोन महिने तोच प्रयोग करत राहिली. मग एके दुपारी ॲप्रन खुंटीला लावून गेली, ती गेलीच. पुढे तिचं काय झालं, हे बाईंनी कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. पेपर छापून आला त्या दिवशी त्यांनी भिंतीवर नियम लावला: चार तासांनंतर वाचन घ्यायचं नाही.

आता समोर उभी असलेली ही मुलगी पुढच्या आठवड्यात प्रबंध देणार होती. तिची चार वर्षं याच जाळ्यात गेली होती.

"चार तासांपर्यंतचेच आकडे देते मी," ती खाली बघत म्हणाली. "पुढचं माझ्याच हातानं बिघडलं असणार. तुम्ही फक्त हो म्हणा."

काकांनी हातातला ट्रे आवाज न करता टेबलावर ठेवला. बाईंनी खुर्ची ओढली, पण त्या बसल्या नाहीत.

"तुझा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तिचाही चांगलाच होता, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. पेपर मी मागे घेतेय."