नाव घेईपर्यंत

खाडीतल्या होड्या आता आपल्या आपण चालत होत्या. त्यांच्या नव्या नियमांवर गावाची सुनावणी होती. भर मार्गात थांबायला बंदी येणार होती.

चांगुणाबाई उठल्या. "सायब, माझं घर त्याच मार्गाखाली बुडालंय. समुद्र चढला, आम्ही डोंगरावर गेलो. पण आमच्यातली नवरी अजूनही आधी जुन्या उंबऱ्यावर होडी थांबवते, मगच वर येते. रविवारी माझी सून यायचीय."

"मावशी, मागच्या होड्या आदळतील," अधिकारी निमकर म्हणाले. "थांबायचं ते कधीपर्यंत, हे होडीला नेमकं सांगावं लागतं."

"उखाण्यात नवऱ्याचं नाव घेईपर्यंत."

सभा हसली. निमकरांनी मात्र नियमात तसंच घातलं.

रविवारी होडी उंबऱ्यावर थांबली. मागे बाकीच्या होड्या रांगेत उभ्या राहिल्या. पाणी नितळ होतं, खाली कौलं दिसत होती.

"उंबऱ्यावर खाडी, खाडीवर होडी," नवरी शलाका म्हणाली आणि नावापाशी येऊन थबकली.

"विसरलीस का गं नवऱ्याला?" नणंदेने डिवचलं.

शलाकाने सासूकडे पाहिलं. चांगुणाबाई होडीच्या काठावरून ओणवून आपलं घर बघत होत्या.

"आठवतेय," शलाका म्हणाली. "जरा वेळ लागेल."