गुलाबी टोप

चिगुसाचे केस जन्मापासूनच तपकिरी. पण टोकियोतल्या तिच्या शाळेत काळ्या केसांचाच नियम, म्हणून आई दर महिन्याला ते रंगवायची आणि चिगुसाची टाळू सोलवटायची.

ऑस्ट्रेलियाचे पाहुणे आले, तेव्हा ओगुरा सरांनी तिच्या डोक्यावर हाराजुकूच्या फॅशनवाल्या गल्ल्यांतल्या पोरी घालतात तसला गुलाबी केसांचा टोप चढवला.

"सर, आग होतेय हो."

"सोस जरा! एवढ्या लांबून हेच बघायला आलेत ते. आपली संस्कृती आहे ही."

पाहुण्या बाईंनी कौतुकाने टोपाला हात लावला. मोडक्या जपानीत म्हणाल्या, "किती मोकळीक आहे गं तुम्हाला! आणि आत तुझे स्वतःचे केस कोणत्या रंगाचे?"

चिगुसाने सरांकडे पाहिलं.



"काळे," ती म्हणाली.